विश्लेषण : कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, पण खेळाडूकडे बघणारा डोळा कुठे आहे?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकला आणि नीरज चोप्राच्या ८९.४५ मीटरला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. त्या अंतिम फेरीत नीरजच्या सहा प्रयत्नांपैकी पाच फाउल होते, वैध ठरला तो एकच. पुढच्या वर्षी मे महिन्यात दोहा येथे त्याने ९०.२३ मीटर फेक करून पहिल्यांदा नव्वदी ओलांडली. मधल्या काळात त्याचे प्रशिक्षक बदलले होते. जैवयांत्रिकीचे, म्हणजे बायोमेकॅनिक्सचे जाणकार क्लाउस बार्टोनिट्झ यांच्या जागी ९८.४८ मीटरचा विश्वविक्रम १९९६ पासून नावावर असलेले यान झेलेझ्नी आले होते.

अशा वेळी टीव्हीवर स्लो मोशनमध्ये तीच फेक दहा वेळा दाखवली जाते आणि आपण सगळेच तज्ज्ञ होतो. हात वाकला, पाय घसरला, तोल गेला, असे सांगायला कोणाचीच ना नसते. प्रशिक्षकाचे काम मात्र इथून पुढे सुरू होते. दिसलेल्या दहा गोष्टींपैकी अंतर नेमके कशाने कमी झाले, त्यातले काय बदलता येईल आणि काय बदलायला गेल्यास खेळाडूच मोडेल, हे त्याला ठरवायचे असते. आज चित्रीकरण स्वस्त झाले आहे, हे ठरवण्याचे कौशल्य मात्र अजून महागच आहे. आपल्याकडचा पैसा आणि उत्साह जातो तो पहिल्या गोष्टीकडे. त्याची किंमत मैदानावरची मुले मोजतात.

खेळाडूच्या हालचालीत प्रशिक्षक नेमके काय बघतो?

चांगला प्रशिक्षक शेवटाकडून सुरुवातीकडे जातो. भाला किती दूर गेला, हा झाला निकाल. तो कशावर ठरला? भाला हातातून सुटतानाचा वेग, सुटण्याचा कोन, जमिनीपासूनची उंची आणि हवेत भाल्याच्या टोकाची दिशा यांवर. यातला वेग सर्वांत महत्त्वाचा. हवेचा परिणाम बाजूला ठेवला तर अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८५ मीटर फेकणाऱ्याने सुटतानाचा वेग फक्त २ टक्क्यांनी वाढवला, तर अंतर साधारण ४ टक्क्यांनी, म्हणजे तीन-साडेतीन मीटरनी वाढू शकते. पॅरिसमध्ये सुवर्ण आणि रौप्य यांच्यात साडेतीन मीटरचेच अंतर होते.

मग पुढचा प्रश्न : वेग येतो कुठून? बघणाऱ्याला वाटते, हातातून. प्रत्यक्षात त्याची सुरुवात पायापासून होते. धावत आलेला खेळाडू शेवटच्या पावलाला पुढचा पाय ताठ रोवतो. एसटीने कचकन ब्रेक लावला की उभा प्रवासी पुढे फेकला जातो. इथे तेच घडते. खालचे शरीर अडते आणि ती गती कंबर, धड, खांदा, कोपर आणि शेवटी हात अशी चाबकासारखी वर सरकत जाते. पुढचा गुडघा ऐन वेळी वाकला, तर ब्रेक ढिला पडतो आणि कमावलेली धाव वाया जाते. पुढचा पाय टेकल्यापासून भाला सुटेपर्यंतचा हा सारा खेळ सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात संपतो.

अशी साखळी प्रत्येक खेळात मांडता येते. ती कागदावर मांडून तिच्यातली कमकुवत कडी शोधणे हे विश्लेषणाचे पहिले पाऊल. त्याला कॅमेरा लागत नाही, खेळाची समज लागते. साखळी न मांडता कॅमेरा सुरू केला तर हाती उरते ती फक्त चित्रफीत.

इतक्या बारीक गोष्टींनी खरेच फरक पडतो?

बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचे उदाहरण घ्या. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ दिली. केनियाच्या अब्राहम किबिवोटने ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत सुवर्ण नेले. फरक ०.०५ सेकंदाचा. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी, म्हणजे एकूण ३५ अडथळे असतात. भागाकार केला तर प्रत्येक अडथळ्यावर सेकंदाचा सातशेवा हिस्सा.

ती शर्यत अडथळ्यांवरच गेली, असा याचा अर्थ नाही. आठ मिनिटांच्या धावण्यात डावपेच, दम आणि शेवटच्या फेरीचा वेग सगळेच येते. पण उडी कुठून घ्यायची, पुढचा पाय अडथळ्यावरून किती उंच न्यायचा, उतरल्यावर पहिले पाऊल किती लांब पडते, यातली बचत ३५ वेळा मिळते. त्यासाठी फुप्फुसे वाढवावी लागत नाहीत. दम वाढवायला वर्षे लागतात. तंत्रातली गळती वेळेत दिसली तर ती त्याहून लवकर बुजवता येते.

नुसत्या डोळ्यांना हे का दिसत नाही?

डोळ्याची मर्यादा जुनी आहे. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, यावर एकोणिसाव्या शतकात वाद घातला जाई. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि ते सुटतात हे सिद्ध झाले. माणूस हजारो वर्षे घोड्यावर बसला होता, पण हे त्याला खात्रीने सांगता येत नव्हते.

आज मोबाइल तेच काम करतो. पण त्याच्याही मर्यादेचे गणित समजून घ्यायला हवे. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो. सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटलेला भाला दोन फ्रेमच्या मध्ये तब्बल एक मीटर पुढे गेलेला असतो. पाय रोवण्यापासून भाला सुटण्यापर्यंतच्या सगळ्या नाट्याच्या जेमतेम चार फ्रेम मिळतात. ज्या क्षणाबद्दल बोलायचे, तो क्षण टिपला गेलेलाच नसण्याची शक्यता मोठी. आता मध्यम किमतीच्या अनेक मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेमची स्लो मोशन सोय असते. तीत दोन फ्रेममधले अंतर साडेबारा सेंटिमीटरवर येते आणि त्याच हालचालीच्या तीसेक फ्रेम मिळतात. पायाचा कोन, गुडघ्याचे वाकणे, कमरेचे आधी वळणे हे पाहायला एवढे पुरते. किनोव्हियासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये या फ्रेमवर रेघा मारून कोनही मोजता येतात.

म्हणजे मोबाइल असला की झाले?

नाही, आणि इथेच सर्वाधिक घोळ होतो. कॅमेरा हातात धरला की तो हलतो. खेळाडूबरोबर फिरवला की कोन बदलतो. हालचालीच्या रेषेला काटकोनात न ठेवता तिरका ठेवला की १७० अंशांत असलेला गुडघा १५५ अंशांचा दिसू शकतो. एका आठवड्यात उजवीकडून आणि दुसऱ्या आठवड्यात मागून चित्रीकरण केले तर दोन्हींची तुलनाच होत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी प्रयोगवहीत जे घोकून घेतले जाते, ते इथे तंतोतंत लागू आहे : जो फरक शोधायचा आहे त्याहून मापनातली चूक मोठी असेल, तर ते मोजमाप टाकून द्यावे. तीन अंशांची सुधारणा दाखवणारा व्हिडिओ दहा अंशांच्या चुकीने काढलेला असेल, तर सुधारणा खेळाडूत झाली की कॅमेऱ्याच्या जागेत, हे कोण सांगणार?

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण क्रिकेटमधले आहे. १९९५ मध्ये मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी श्रीलंकेच्या मुथय्या मुरलीधरनचे चेंडू नोबॉल दिले. तो चेंडू फेकतो, असा आक्षेप होता. मुरलीधरनचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. नियम कोपर वाकलेले असण्याविरुद्ध नाही; हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत ते किती सरळ होते, यावर बंधन आहे. वाकलेला हात वेगाने फिरतो तेव्हा एका बाजूने बघणाऱ्याला आणि एका कॅमेऱ्यालाही तो सरळ होत असल्यासारखा भासतो. शरीरावर खुणा लावून, अनेक कॅमेऱ्यांनी त्रिमितीत मोजल्यावर चित्र वेगळे निघाले. इतकेच नव्हे, तर ज्यांची शैली निर्दोष मानली जात होती अशा अनेक गोलंदाजांचेही कोपर तेव्हाच्या मर्यादेपेक्षा जास्त सरळ होत असल्याचे आढळले. आधी वेगवान, मध्यमगती आणि फिरकी गोलंदाजांसाठी १०, साडेसात आणि ५ अंश अशा वेगवेगळ्या मर्यादा होत्या. २००५ पासून आयसीसीने सर्वांसाठी १५ अंशांची एकच मर्यादा लावली.

मोजमाप दुसऱ्या बाजूनेही कापते. पाकिस्तानचा सईद अजमल एकदिवसीय क्रमवारीत अव्वल असताना २०१४ मध्ये चाचणीत त्याची शैली अवैध ठरली. शैली बदलून तो परतला, पण जुनी धार राहिली नाही. २०१५ नंतर तो पाकिस्तानकडून खेळला नाही. तंत्र बदलणे म्हणजे सदऱ्याचे बटण बदलणे नव्हे, हे या एका कारकिर्दीतून कळावे.

पण पुस्तकात दिलेले ‘आदर्श तंत्र’ असतेच ना?

सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत हातोडा आणि छिन्नीने काम करणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा दर वेळी नेमका छिन्नीवर पडत होता. पण तिथे पोहोचताना खांदा, कोपर आणि मनगट यांच्या हालचाली प्रत्येक घावाला थोड्या वेगळ्या होत्या. कसब असते ते दर वेळी एकसारखा निकाल आणण्यात. त्यासाठी शरीर प्रत्येक वेळी आपल्यापुरती नवी जुळवाजुळव करते. पुस्तकातली आकृती हुबेहूब गिरवायला लावणाऱ्या प्रशिक्षणाचा पाया इथेच डळमळतो.

डिक फॉस्बरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये पाठ दांडीकडे करून २.२४ मीटर उंच उडी मारली आणि सुवर्ण जिंकले. तेव्हाच्या पुस्तकात ही उडी नव्हतीच. शरीर कमानीसारखे वाकवून उडी मारली की शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊ शकतो आणि तरी उडी वैध ठरते, हे भौतिकशास्त्र त्याच्या बाजूने होते. आज जगातले जवळपास सगळे उंच उडीपटू तशीच उडी मारतात. त्याला कुणी शाळेतच ‘सरळ’ केले असते तर?

आपल्या घरचे उदाहरण सचिन तेंडुलकरचे. लहानपणी मोठ्या भावाची, अजितची बॅट घेऊन खेळल्यामुळे त्याची पकड दांड्यावर बरीच खाली होती. ती बदलण्याचा सल्ला मिळाला, प्रयत्नही झाला. पण ती बदललेली पकड त्याला रुचेना आणि जुनीच राहिली. ती पकड पुस्तकी नव्हती. धावांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

मग प्रशिक्षकाने काही बदलायचेच नाही का?

बदलायचे, पण कारण पाहून. माझ्या मते प्रशिक्षकाने प्रत्येक वेगळेपणाला तीन प्रश्न विचारावेत. याने कामगिरी घटते का? याने दुखापत होण्याचा धोका आहे का? आणि हे मूळ कारण आहे की दुसऱ्याच कशाचा परिणाम? पहिल्या दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर ती त्या खेळाडूची लकब आहे आणि तिला हात लावू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. वेगवान गोलंदाज चेंडू सारखा लेगस्टंपच्या बाहेर टाकतो. नेटमागून सूचना येते, ‘हात सरळ आण’. कदाचित त्याचा पुढचा पाय आडवा पडत असेल, त्यामुळे धड कलत असेल आणि हाताला दुसरा मार्गच उरत नसेल. हात हा शेवटचा दुवा आहे, दोष तीन दुवे आधीचा. हात सरळ करण्याच्या नादात तो मुलगा खांदा आणखी ताणतो आणि आता दोन अडचणी होतात.

अनुभवी प्रशिक्षकांतही इथे मतभेद होतात. भाला सोडल्यावर नीरज अनेकदा हातांवर पुढे कोसळतो. त्यासाठी जागा हवी म्हणून त्याला रेषेच्या काहीसे मागूनच फेक करावी लागते आणि तेवढे अंतर मोजणीत जाते. याचा एक अर्थ असा की पुढच्या पायाने जी गती अडवायची, तिचा काही भाग अंगालाच ओढून नेतो. दुसरा अर्थ असा की सारे अंग भाल्याच्या मागे लोटण्याची ती त्याची पद्धत आहे आणि वेग तिच्यातूनच येतो. टोकियोत ८७.५८ मीटरचे सुवर्ण याच पद्धतीने आले. अशा वेळी टीव्हीसमोर बसून निकाल देणे सोपे असते. प्रशिक्षकाला मात्र कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या, जांघेच्या दुखण्याने त्रस्त असलेल्या, ऐन भरातल्या खेळाडूचा पुढचा हंगाम त्या निर्णयावर लावायचा असतो.

दुखापतीचा प्रश्न आला की मात्र हात आखडता घेऊ नये. गोलंदाजी करताना कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला राहणारी ‘मिश्र’ शैली पाठीच्या खालच्या मणक्यांना पीळ देते. तिचा आणि तरुण वेगवान गोलंदाजांमधल्या स्ट्रेस फ्रॅक्चरचा संबंध ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून दाखवला आहे. डेनिस लिली १९७३ मध्ये पाठीच्या फ्रॅक्चरने जायबंदी झाला, दीर्घ व्यायामातून उभा राहिला आणि शैलीत बदल करून परतला. दुसरा मार्ग जसप्रीत बुमराचा. त्याची जगावेगळी शैली कोणी मोडली नाही म्हणून तो बुमरा झाला. पण २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याच्या षटकांचा हिशेब ठेवणे आले. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळला. शैली तशीच ठेवायची असेल तर शरीरावरचे ओझे मोजावेच लागते. दोन्हींकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

बुमराच्या मागे फिजिओ, डॉक्टर आणि आकडेतज्ज्ञ उभे असतात. जिल्हा पातळीवरचा चौदा वर्षांचा गोलंदाज सकाळी क्लबसाठी, दुपारी शाळेसाठी आणि रविवारी टेनिस बॉल स्पर्धेत टाकतो. त्याची षटके कोण मोजते? त्याची हाडे अजून पक्की व्हायची असतात आणि पाठ दुखते असे सांगितले तर संघातून वगळतील, ही भीती त्याला वेगळी असते.

दोष कळला, तो खेळाडूच्या अंगी उतरवायचा कसा?

व्हिडिओ दाखवला म्हणजे सुधारणा झाली, हा समज मोडायला हवा. ‘तुझे कोपर बघ, इथे खाली आहे’ असे सांगितले की खेळाडूचे सगळे लक्ष कोपराकडे जाते आणि बाकीची साखळी अडखळते. गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९० च्या दशकापासूनच्या संशोधनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली : शरीराच्या अवयवावर लक्ष ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर लक्ष ठेवले तर माणूस बहुधा चांगले शिकतो. ‘कोपर वर घे’ याऐवजी ‘भाल्याचे टोक त्या झाडाच्या शेंड्यावर धर’ म्हटले की कोपर आपोआप जागेवर येऊ शकते. जुने उस्ताद आणि वस्ताद अशीच भाषा वापरत. त्यांना शोधनिबंधाची गरज पडली नाही.

दुसरे, प्रत्येक प्रयत्नानंतर सूचना देणे टाळावे. सतत दुरुस्ती मिळणारा खेळाडू सरावात सुधारलेला दिसतो आणि स्पर्धेत, जिथे प्रशिक्षक बोलू शकत नाही, तिथे चाचपडतो. चार-पाच प्रयत्नांनंतर आधी त्यालाच विचारावे, ‘तुला काय वाटले?’ मग व्हिडिओ दाखवावा. त्याचा अंदाज आणि चित्र यांतले अंतर कमी होत जाणे हेच खरे शिकणे. एका वेळी एकच बदल, आणि तोही मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर नाही.

तिसरे, बघण्यानेही खेळ बदलतो. रमाकांत आचरेकर सरांसमोर पहिल्यांदा खेळताना लहानगा सचिन बुजला होता. अजितच्या विनंतीवरून सर निघून गेल्यासारखे दाखवून झाडाआडून बघत राहिले, तेव्हा त्यांना खरा सचिन दिसला, ही गोष्ट मराठी घरांत पाठ आहे. तिच्याकडे गुरू-शिष्याची हृद्य आठवण म्हणून पाहिले जाते. मला ती मापनशास्त्राचा धडा वाटते. अंगावर खुणा चिकटवून, दिव्यांच्या झोतात प्रयोगशाळेत टाकलेला चेंडू आणि सामन्यातल्या शेवटच्या षटकातला चेंडू एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

आता एआय अ‍ॅप हे सगळे करणार नाही का?

काही भाग करेल, करतही आहे. साध्या व्हिडिओतून शरीराचे सांधे ओळखणारी साधने आता मोबाइलवर चालतात. गूगलचे मीडियापाइप शरीरावरचे ३३ बिंदू शोधते. अंगावर खुणा लावाव्या लागत नाहीत, लाखोंची प्रयोगशाळा लागत नाही. शंभर मुलांच्या धावण्यातून पावलांचा वेग आणि लांबी काढायची असेल तर ही मोठी सोय आहे. पण सैल टी-शर्ट, संध्याकाळचा उजेड, एका पायाआड गेलेला दुसरा पाय यांनी हे बिंदू सरकतात. आणि त्याहून मोठी अडचण अ‍ॅपच्या शेवटच्या पडद्यावर असते : ‘तुमची शैली अमुक खेळाडूशी ७२ टक्के जुळते.’ या आकड्याचा अर्थ काय? ती शंभर टक्के जुळली म्हणजे मुलगा तितका चांगला झाला का? त्याची उंची, हातांची लांबी, सांध्यांची लवचीकता, वय यांचे काय? फॉस्बरीला हे अ‍ॅप किती टक्के देते?

अ‍ॅप कोन सांगेल. तो कोन महत्त्वाचा आहे का, हे सांगणार नाही. व्हिडिओ पाहून शिकण्याला माझा विरोध नाही. केनियाचा ज्युलियस येगो यूट्यूब पाहून भाला फेकायला शिकला आणि २०१५ मध्ये बीजिंगला ९२.७२ मीटर फेकून विश्वविजेता झाला. नीरजनेही सुरुवातीला झेलेझ्नींच्या फेकी व्हिडिओतच पाहिल्या. पण पुढे येगोलाही फिनलंडमध्ये प्रशिक्षकाकडे जावे लागले आणि नीरजलाही. पडद्यावरचा खेळाडू तुमच्याकडे बघत नाही, हीच पडद्याची मर्यादा.

आपल्याकडे अडचण कुठे आहे आणि काय करता येईल?

वरच्या पातळीवर परिस्थिती बरी आहे. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हा दीपाली देशपांडे यांच्यासारखी स्वतः ऑलिम्पिक खेळलेली प्रशिक्षक त्याच्यामागे होती. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, बालेवाडी आहे. पण तिथे पोहोचेपर्यंत मुलाच्या हालचाली घट्ट झालेल्या असतात. साबळे तर बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावपटू झाला तो तिथे. हालचाली जिथे घडतात ते वय दहा ते सोळा, आणि त्या वयात मुलासमोर असतो शाळेचा क्रीडाशिक्षक किंवा क्लबमधला हौशी प्रशिक्षक. चाळीस मुले, एक मैदान, शिवाय शाळेची इतर कामे. ‘आम्हाला वेळ कुठे आहे?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नाही.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. आचरेकर सरांकडे कुठे कॅमेरा होता, असे जुने जाणते विचारतात. नव्हता. पण त्यांच्याकडे शिवाजी पार्कवर रोज उभे राहून घालवलेली वर्षे होती. तशी वर्षे प्रत्येक तालुक्यात मिळणार नाहीत. व्हिडिओचा खरा उपयोग इथे आहे. मुलाची चूक दाखवण्याआधी तो प्रशिक्षकाचा डोळा घडवू शकतो. एकच फेक वीस वेळा बघून, साखळी मांडून, दुसऱ्या प्रशिक्षकाशी वाद घालून डोळा तयार होतो.

म्हणून यंत्रे खरेदी करण्याआधी चार साध्या गोष्टी कराव्यात. एक, क्रीडाशिक्षकांसाठी जिल्हा पातळीवर, मराठीत, मैदानावर चालणारे छोटे अभ्यासक्रम. पूर्णवेळ पदविकेसाठी नोकरी सोडून पतियाळाला जाणे प्रत्येकाला शक्य नाही. दोन, प्रत्येक मुलाचे वर्षातून दोनदा, त्याच जागेवरून, त्याच कोनातून, ट्रायपॉडवर ठेवलेल्या मोबाइलने चित्रीकरण. चार वर्षांत तयार होणारी ही नोंद कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा उपयोगी पडेल, कारण तीत मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच असेल. तीन, षटके, उड्या, फेकी आणि दुखणी यांची एक वही. शाळा आणि क्लब या दोघांनी मिळून ठेवलेली. चार, पालकांची लेखी परवानगी. विशेषतः मुलींच्या सरावाचे व्हिडिओ प्रशिक्षकाच्या खासगी मोबाइलमध्ये आणि तिथून ग्रुपवर फिरणे हा विश्लेषणाचा भाग असू शकत नाही.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, म्हणूनच कदाचित ते मागे पडते. प्रयोगशाळेचे उद्घाटन करता येते, क्रीडाशिक्षकाच्या डोळ्याचे करता येत नाही. पण येत्या काळातला भालाफेकपटू किंवा वेगवान गोलंदाज आज कुठल्यातरी शाळेच्या मैदानावर आहे आणि त्याला कुणीतरी ‘हात सरळ कर’ म्हणून सांगते आहे. ते सांगण्याआधी त्या माणसाने त्याचा पाय पाहिला असेल का, यावर त्या मुलाची पुढची दहा वर्षे अवलंबून आहेत.